सुधारून घेऊन ये

रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही सगळे बरे आहोत. माझे गुडघे कुरकुर करतात, पण मी त्यांचं ऐकत नाही आणि ते माझं ऐकत नाहीत, त्यामुळे आमचं बरं चाललंय.

आप्पांची खोली आवरायला घेतली. पुस्तकं शाळेच्या वाचनालयात दिली. टेबल मात्र ठेवलंय. त्याच्या आखूड पायाखाली अजूनही त्यांचंच ते सुंदर अक्षराविषयीचं पुस्तक आहे. कुणी पाहुणा आला की म्हणायचे, “मी इतकी पुस्तकं लिहिली, पण हे एकच कुणाच्या तरी आधाराला आलं!” परवा ते काढून पाहिलं, तर टेबल लंगडायला लागलं. मुकाट्याने परत ठेवलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेत त्यांची स्मरणसभा आहे. मुख्याध्यापिका बाई स्वतः सांगायला आल्या होत्या. त्या आप्पांच्याच विद्यार्थिनी. म्हणाल्या, “गुरुजींच्या पुस्तकांवर बोलायला माणसं मिळालीत, त्यांच्या शिकवण्यावर तर रांग लागलीय. पण घरातले गुरुजी कोण सांगणार?” मी तुझं नाव पुढे केलं. तुला न विचारता केलं, हे खरं. मग विचारायला फोन केला आणि तू काय म्हणालास ते तुझं तुला आठवत असेलच.

बाईंचं आधी सांगते. चहा घेताना त्या टिंबांवर आल्या. सारी शाळा पाठीमागे आप्पांना ‘टिंबगुरुजी’ म्हणायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं म्हणे! लाल शाई नाही, फुली नाही. चुकलेल्या अक्षराखाली पेन्सिलीने एक बारीक टिंब, आणि तळाशी ठरलेला शेरा : सुधारून घेऊन ये. काय चुकलं ते आपलं आपण शोधायचं. बाई म्हणाल्या, “शुद्धलेखनात मी दगड होते. पण गुरुजी म्हणायचे, ज्याला सापडेल त्यालाच मी टिंब देतो. त्यामुळे टिंब मिळालं की मला बरंच वाटायचं.”

तुला कधी बरं वाटलं नाही, हे मला माहीत आहे. मास्तरांचं पोर म्हणून सगळ्यात जास्त टिंबं तुझ्याच वाट्याला यायची. मूल, फूल, सून यांनी तर तुझा पिच्छा पुरवला होता. आप्पा तुला समजवायचे, “अरे, सून एकटी असते तोवर ऐसपैस दीर्घ बसते. मागे ‘ला’ लागला की बिचारी आखडून ऱ्हस्व होते, सुनेला.” आई आतून म्हणायची, “सासऱ्याने तरी तिला आखडायला लावू नये म्हणजे झालं.” आम्ही हसून हसून लोळायचो.

बघ, मला जे लिहायचंय त्याच्या भोवतीच मी फिरतेय. आता लिहिते.

तू लग्न कळवलंस तेव्हा आई नव्हती. असती तर पुढचं काही घडलंच नसतं. तुझं पत्र आलं एवढंच मला कळलं होतं. मग तुझी पत्रं बंद झाली. आप्पांना विचारलं तर म्हणाले, “त्याला वेळ नसेल.” तुला विचारलं तर तू म्हणालास, “तो विषय नको.” दोघेही एकाच मातीचे. मग मीही विचारायचं सोडलं.

परवा फोनवर तू त्यावर पहिल्यांदा बोललास. “मी लिहिलं होतं, तुम्हाला आवडो न आवडो, ही तुमची सून. त्यांनी माझं पत्र मलाच परत पाठवलं. बरोबर सुनेच्या खाली टिंब! आणि तळाशी, सुधारून घेऊन ये. माणूस काय सुधारून आणायचं असतं? त्या माणसाच्या सभेत मी काय बोलू?” आणि फोन ठेवलास. बरं झालं ठेवलास, कारण मला रडू फुटलं होतं.

दादा, ते पत्र तुझ्याजवळ असेल तर काढून बघ. नसलं तरी मी सांगते. तू ‘सुन’ लिहिलं असशील. ऱ्हस्व. माझ्या मुलाच्या लग्नाचे फोटो पाहून तू मला काय कळवलंस? “सुन छान आहे.” अजूनही ऱ्हस्वच! टिंब वहिनींच्या खाली नव्हतं रे, उकाराखाली होतं.

मुलाने लग्न कळवलं, तर बापाने त्याच्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घ बघावं, हे काही शहाणपणाचं नव्हतं. मला त्यांचा संताप येतो. ते समोर असते तर चांगलं फैलावर घेतलं असतं. सगळ्या जगाला लिहायला शिकवलं, आणि घरात एक सरळ ओळ लिहिता येऊ नये?

पण एक ऐक. डोळे अधू झाल्यावर मी त्यांना पेपर वाचून दाखवत असे. एकदा मध्येच म्हणाले, “तो का गं आला नाही? मी तर घेऊन ये म्हणून लिहिलं होतं.” मला वाटलं, एखाद्या पुस्तकाचं बोलतायत. विचारलं, “काय घेऊन यायचं होतं?” मग म्हणाले, “वाच पुढे.” मी हवामानाची बातमी वाचली.

तुझा फोन झाला आणि मला ते आठवलं. त्यांच्या हिशेबी त्यांनी तुम्हा दोघांना घरी बोलावलं होतं. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर जे लिहिलं, त्याच शब्दांत. दुसरे शब्द त्यांच्या हाताला येत नव्हते. आणि तू का रुसलास, ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. एवढंच उमगलं असावं की टिंबांनी काहीतरी बिघडवलं. कारण तुझी पत्रं बंद झाल्यावर माझ्या मुलाचे निबंध ते नुसतं ‘छान’ लिहून परत द्यायचे. त्यात ढीगभर चुका असायच्या. आम्ही म्हणायचो, आप्पा वयाने निवळले.

सभेत बोललास, नाही बोललास, ते तुझ्यावर. पण ये. वहिनींना घेऊन ये, आहेत तशा. सुधारायचं जे होतं ते आप्पांचं होतं, आणि थोडं तुझं.

खाली सहीत एक चूक मी मुद्दाम ठेवली आहे. सापडली तर टिंब द्यायला इथे ये. पत्र पोस्टाने परत पाठवू नकोस. या घरात ते एकदा करून झालंय.

वाट पाहणारी,
तुझी बहिण