आधी ओटा फोडा, मग दहाव्याचा नैवेद्य

लिहून ठेवते मी, इंदुमती भ्रतार कै. सोपानराव काळोखे, वय वर्षे एकसष्ट, राहणार चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे. डोके ठिकाणावर आहे, कुणाची जोरजबरदस्ती नाही, नशापाणी केलेले नाही. पाठ तेवढी मोडली आहे. ती कुणी मोडली ते खाली येईलच.

कलम १. चिंचवडचे तीन खोल्यांचे घर यजमानांनी माझ्या नावे बांधले. त्यावर माझे धाकटे दीर नानासाहेब यांचा डोळा आहे. ते पुण्यात प्राध्यापक. माणसाच्या अंगाची मापे घेऊन कपडे, खुर्च्या, घरे कशी असावीत याचे संशोधन करतात. माझ्या स्वयंपाकघरातला ओटा त्यांनी आपल्या शास्त्राने बांधला. आता माझ्यामागे हे घर 'आदर्श स्वयंपाकघर' म्हणून त्यांच्या संशोधन मंडळाला जसेच्या तसे हवे आहे. माझा मुलगा सयाजी म्हणतो, "आई, काकांचं नाव होईल." शिसारी येते मला असल्या नावाची.

त्या ओट्याची हकिकत अशी. नानासाहेब बायकांची मापे घ्यायला माझ्या माहेरी, निघोज्याला गेले. मोजणी कुठे, तर चावडीवर! समोर सासरे, पाटील, सगळा गाव बसलेला. बायका आल्या त्या पदर नाकापर्यंत ओढून, माना खाली घालून, कमरेत वाकून. तशाच मोजल्या. माझी भावजय आक्काबाई, जिचे डोके दाराच्या चौकटीला लागते, ती कागदावर पोरीएवढी झाली. मी म्हटले, "नानासाहेब, तुमी बायका न्हाई मोजल्या, त्यांच्या सासऱ्यांचा धाक मोजला." हसले. म्हणाले, "वहिनी, आकडा खोटं बोलत नाही."

त्याच मापांवर माझा ओटा बांधला, पुस्तक निघाले, शाल-नारळ मिळाला, आणि पिंपरीला कामगारांच्या चाळींत ओळीने बुटके ओटे बसले. तिथल्या बाया आता भाकरी थापताना वाकतात आणि नवऱ्याच्या शिव्या खातात, की रोज काय पाठीचं रडगाणं. घरी पाहुणे आले की नानासाहेब मला ओट्याशी उभी करत आणि सांगत, "बघा, किती सोय!" मी वाकलेलीच असे, म्हणून त्यांना माप बरोबर वाटे. थू त्या विद्येवर.

म्हणून घर मी सून शालनबाई हिला देते, सयाजीला नाही. शालन ऐन पंचविशीत सकाळी भिंत धरून उठते, आणि माझा दिवटा काकांच्या नावाची काळजी करतो. अट एकच. ओटा पहारीने फोडावा, शालनच्या कोपराला सोयीचा पडेल असा नवा बांधावा, आणि मगच माझ्या दहाव्याचा नैवेद्य रांधावा. जुन्या ओट्यावर रांधलेल्या घासाला कावळा शिवायचा नाही. मी शिवू देणार नाही.

कलम २. पोस्टातली शिल्लक याच कामी लावावी. सयाजीला वडिलांची सायकल. तिच्यावरून पिंपरीच्या चाळींत जावे आणि तिथल्या बायांना पाठीचे विचारावे. घरातल्या बाईला विचारायची तर त्याला सवय नाही.

कलम ३. फोडलेल्या ओट्याची शहाबादी फरशी नानासाहेबांना. त्यांनी ती आपल्या घरी त्याच उंचीवर बसवून महिनाभर स्वतः भाकरी थापाव्यात. मग खुशाल दुसरी आवृत्ती काढावी.

कलम ४. तिरडीचे बांबू अंदाजाने कापू नयेत. माझे माप शालनने घ्यावे. नानासाहेबांना खांदा देऊ द्यावा, टेप देऊ नये. त्या दिवशी तरी मी सरळ असेन, तेवढी माझी खरी उंची कुणीतरी बघून ठेवावी.

साक्षीदाराला काही देता येत नाही असे मारुतराव मास्तर म्हणतात, म्हणून आक्काबाईला माझी नथ कालच देऊन टाकली.

हे मृत्युपत्र मी स्वहस्ते, राजीखुशीने लिहिले.

सही: इंदुमती सोपानराव काळोखे
मुक्काम चिंचवड, ता. ९ नोव्हेंबर १९५८

साक्षीदार:
१. मारुतराव गावडे, निवृत्त शाळामास्तर, चिंचवड (सही)
२. आक्काबाई येळवंडे, निघोजे (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

ता. क. अंगठा उठवताना आक्काबाई मारुतरावांपुढे सवयीने वाकली. मी म्हटले, "आक्का, ताठ हो की गं." तिने पदर खांद्यावर घेतला, ताठ झाली, आणि जाताना चौकटीला डोके आपटून "आई गं!" म्हणाली. हेही साक्षीत धरावे.