एकोणिसावं प्रकरण

सोमवार, १० नोव्हेंबर

पहिलं प्रकरण संपलं आणि चहा तसाच राहिला. पुस्तकाचं नाव 'दुपारचा जबाब'. लिहिणारी नमिता म्हणून कोणी, मुलुंडची, बँकेत नोकरी, वय एकतीस. पहिलीच कादंबरी! मागे 'मानसशास्त्रीय थरारकथा' असं छापलंय. एरवी असल्या पुस्तकाला मी हात लावला नसता. पण काल रेवती चेंबूरहून आली ती दोन प्रती घेऊनच. म्हणाली, "एक तुमची, एक माझी. रोज एक प्रकरण. संध्याकाळी फोनवर बोलायचं. आणि पुढे पळायचं नाही हं बाबा."

लेकीची युक्ती कळली मला. शर्मिष्ठा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून रेवतीचा फोन कुठूनही सुरू झाला तरी त्याच वाक्यावर येऊन थांबतो — आईचा फोन मी तेव्हा उचलला असता तर. ती त्या वेळी अंधेरीला ऑफिसात मीटिंगमध्ये होती, फोन वाजलेला कळला नाही. मी दर वेळी म्हणतो, तुझा काय दोष, बाळ. आता पुस्तकाने तरी विषय बदलेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काय लिहिते ही मुलगी! बोरिवलीतलं साधं घर. गिझरच्या गॅसने बहीण बाथरूममध्ये गुदमरून गेलेली. गिझर धाकट्या भावाने बसवलेला, म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. गोष्ट सांगतो तो मोठा भाऊ, देवव्रत — मवाळ, सज्जन, धाकट्याला सांभाळून घेणारा. रक्ताचा एक थेंब नाही, तरी मी मधेच उठून बाथरूमची खिडकी उघडून आलो.

हिच्या गद्याला चाल आहे. पार्ल्याच्या शाळेत आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो, तशी. पुस्तक छातीशी, डोळे खिडकीबाहेरच्या चिंचेवर. त्यानंतर इतक्या वर्षांत गद्य वाचताना मी कधी डोललो नव्हतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आठवं प्रकरण. देवव्रत तीच दुपार पुन्हा सांगतो. तिसऱ्यांदा. पालुपदासारखी येते ती, दर वेळी एखादाच शब्द बदलून.

सुंदराबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काका, खून कोणी केला तेवढं सांगा, म्हणजे मी मोकळी."

म्हटलं, खून झालाय का तेच अजून ठरत नाही.

"मग एवढी पानं कशाला घातली त्या बाईने?"

हिला काय सांगू! तीच तर करामत आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नियम मोडला.

अकराव्या प्रकरणात ती दुपार चौथ्यांदा आली आणि मी अडखळलो. पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं. आमचे गुरुजी डोळे मिटून कविता ऐकायचे. कुणी ओळ गाळली की चाल लंगडायची आणि ते नुसतं एक बोट वर करायचे. तसंच झालं. देवव्रत चार वाजता शब्दकोडं घेऊन बसतो आणि सव्वाचारला बाथरूमचं दार ठोठावतो. मधे काहीच नाही. चारही वेळा नाही.

मग राहवलं नाही. सलग एकोणिसाव्यापर्यंत गेलो. तिथे एक वाक्य, एकटंच एका ओळीत: 'आतून तांब्या दारावर आपटल्याचा आवाज मी ऐकला होता.' कोडं सुटत आलं होतं म्हणून तो उठला नाही. बस, एवढंच. आणि पुस्तकभर धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत सांगतोय — तुझा काय दोष.

एकतीस वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलं?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

इथे तरी लिहावं.

शर्मिष्ठाने मला हाक मारली होती. "अहो, जरा येता का?" मी गॅलरीत होतो. चौथीतली एक कविता वहीत उतरवत होतो. विसरलेलं कडवं नुकतं ओठावर येत होतं. म्हटलं, "आलो, एवढं कडवं होऊ दे." आत गेलो तेव्हा ती ओट्याशी पडलेली, हातात फोन. माझी वाट बघून तिने रेवतीला लावला होता. मधे दहा मिनिटं गेली असतील.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... रेवतीने नंतर स्वतःच्या फोनवर आईचं नाव बघितलं आणि ते वाक्य स्वतःवर घेतलं. मी घेऊ दिलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

रेवती तेराव्यावर आहे. रोज एक. अठ्ठावीसला ती एकोणिसाव्यावर पोचेल.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

रेवतीचा फोन. "धाकट्यानेच केलंय, बघा तुम्ही. आणि तो देवव्रत किती सोसतो हो बाबा. मला तर सारखी तुमची आठवण येते."

म्हटलं, आवाज तुटतोय गं. तुटत नव्हता.

एकोणिसावं पुन्हा काढून बसलो. लेखिका देवव्रतला कुठेही वाईट म्हणत नाही. कबुलीनंतरही तो भाजी निवडतो, शेजाऱ्यांची चौकशी करतो, सज्जनच राहतो. खलनायक केला असता तर मी पुस्तक मिटून झोपलो असतो. एवढी ताकद पहिल्याच पुस्तकात कुठून आणली हिने? भीती वाटावी इतकं चांगलं आहे.

रेवतीला ते वाक्य वाचून माझ्यावर संशय आला तर? आणि नाहीच आला तर? दुसरं जास्त वाईट. मग ती जन्मभर धाकट्या भावासारखी राहणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मीच फोन केला. म्हटलं, उद्याचं प्रकरण वाचू नकोस. मी येतो.

"अहो, एवढं काय आहे त्यात? आत्ता कुठे रंगत आलीये ना!"

"उद्या रजा टाकशील का?"

मग म्हणाली, "टाकते. रिक्षाने या, चालत स्टेशन गाठू नका."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चेंबूरला जाऊन आलो. हाक, कडवं, दहा मिनिटं — सगळं सांगितलं. रेवती रडली नाही. टेबलावरचा तिचा फोन उचलला आणि पालथा ठेवला. म्हणाली, "असा ठेवला होता, बाबा. मीटिंग नव्हती. आईचं नाव बघितलं, म्हटलं नंतर करते."