बसऱ्याचं बोलावणं

शारजा,
१३ फेब्रुवारी २००४

आदरणीय मामू,
अस्सलामु अलैकुम.

मी इथे खुशाल आहे. तुम्ही, मामी आणि सायराही खुशाल असाल, अशी दुआ करतो. इकडची थंडी ओसरली. मामीने पाठवलेलं सुकट मिळालं. खोलीतल्या पंजाब्याने आधी नाक दाबलं, मग सगळ्यात जास्त त्यानेच खाल्लं.

पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. वर्कशॉपमध्ये काम फार होतं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं ठरलं असतं.

चिपळूणच्या एजंटचे फोन रोज येतात. इराकमध्ये बसऱ्याला पंप-फिटर हवेत, पगार इथल्या तिप्पट. खोलीतला हम्माद चिडवतो, "जा की, दुल्हेमियाँ! शेरवानी तेवढी लोखंडाची शिवून घे." मी हसतो. पण बसऱ्याला गेलो तरच सायराशी निकाह, असं तुम्ही लिहिलंत, त्यावर हसता येत नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. ज्याच्या पायाखाली तेल, तो देश भिकेला लागत नाही. लढाई थांबू दे, सहा महिन्यांत उभा राहील. नव्वद साली तुम्ही तिथून एका बॅगेनिशी परत आलात, तेव्हाही हेच म्हणाला होतात. मी तेव्हा शाळेत होतो.

गेल्या आठवड्यात मालकाने मला एक व्हॉल्व्ह शोधायला भंगारच्या यार्डात पाठवलं. इराकचा माल उतरला होता. केबल, पाइप, पंप. एक म्हातारा घणाने पंप फोडत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, ये तो अच्छा है! सिर्फ सील बदलना है."

"मालूम है," तो म्हणाला. "मैंने ही बिठाया था."

"फिर तोडते क्यों?"

"पूरा पंप बेचो तो पूछते हैं, किसका है. टुकडे का कोई नहीं पूछता."

मग त्याने माझं गाव विचारलं. रत्नागिरी म्हटल्यावर घण खाली ठेवला. "हमदुल्ला को जानता है? बैरक में मछली सुखाता था, पूरा स्टेशन बास मारता था!"

मामू, तुमचं नाव घेणारा तो म्हातारा म्हणजे तुमचे अबू समीर इंजिनिअर, तुम्हा लोकांत राहून हिंदी शिकलेले. ज्यांच्या बोलावण्याची तुम्ही वाट पाहताय, ते.

आम्ही चहा घेतला. ते सांगत होते, निर्बंधांच्या वर्षांत सुटे भाग येईनात, म्हणून एक पंप उघडून दुसरा चालवायचा, मग तिसरा. पगारात घर चालेना, तसे शिकलेले लोक एकेक करून देश सोडून गेले. त्यांच्या समीरने कॉलेज सोडलं. तो रस्त्याकडेला डब्यातून पेट्रोल विकतो, कारण तेलाच्या त्या देशात पेट्रोलला रांगा आहेत. मी विचारलं, आता लवकर उभं राहील ना सगळं? ते हसले. "तेल बेचेंगे तो पंप लेंगे. पंप होगा तो तेल निकलेगा. यल्ला, तू बता, पहले क्या?"

नोकरीचं सांगितलं, तर म्हणाले, जाऊ नकोस. आणि मी हे काम करतो ते हमदुल्लाला कळवू नकोस. मी शब्द दिला होता. तो आज मोडला, कारण नाहीतर तुम्ही माझं ऐकलं नसतं.

राग आला तरी पुढचं वाचा. तुम्हाला कतारची नोकरी आली, मग सौदीची. तुम्ही दोन्ही नाकारल्या, बसरा बोलावेल म्हणून. तोवर बंदरावर मासे खारवून खारवून मामीचे हात फाटले. घर त्या हातांवर चाललं, हे तुम्ही कधी म्हणाला नाहीत. घरात कोणीच म्हणत नाही. ती लढाई तुमच्या ओटीवर अजून चालू आहे, मामू. आता तुम्ही ती मलाही देताय, आणि माझ्यामागे सायराला.

मी भित्रा आहे असं तुम्ही लिहिलंत. आहे. बॉम्बला भितोच, पण सायरा मामीसारखी वाट पाहत बसेल, याला जास्त भितो.

एजंटला मी काल 'नाही' म्हणून सांगितलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं.

हे पत्र सायराला वाचायला द्या. तिने नकार दिला तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नकार तुम्ही दिलात, तर तिला विचारायला मी स्वतः येईन.

मामीला सलाम.

तुम्ही मोडलंत तरी मोडणार नाही अशा एकाच नात्याने,
तुमच्या बहिणीचा मुलगा
जहूर