मशीन शून्य दाखवतंय

४ ऑक्टोबर २००८, शनिवार

आज ओरडलं! पहिल्यांदाच. दोराला बांधून गॅस तपासायचं मशीन गटाराच्या दुसऱ्या चेंबरमध्ये सोडलं, अर्ध्यावर गेलं नाही तोच लाल दिवा आणि कर्कश शिटी. दोर हातातून सुटता सुटता राहिला. धाकल्या पट्टा बांधून उतरायला तयार होता. मी ओरडलो — थांब! तो हसायला लागला. "कोंबडा आरवला रं! आता धनेशभाऊ अंडं देनार!" सगळे हसले. मीही हसलो. मशीन नसतं तर तो त्या वेळी खाली असता.

पंखा लावून हवा सोडली. दुपारी आकडा शून्यावर आला. मग तो उतरला, पाइपाच्या जोडात सिमेंट भरून वर आला आणि बिडी पेटवून बसला. जसं काही झालंच नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

केसरीनाथ काका म्हणतात, "डबीकडं बघत बसायचं आन् पगार घ्यायचा. यात भ्यायचं काय हाय?"

काकांची टेमघरची जमीन बिल्डरकडे गेली, त्यात घरातल्या एकाला नोकरी ठरली. तो मी. नववी नापास. साइटवरच्या देवेश साहेबांनी मशीन हातात दिलं तेव्हा सांगितलं — आपली गटारलाइन जुन्या नाल्याला मिळते, नाल्यात कापड रंगवणाऱ्या डाईंगचं पाणी कुजतं, त्यातून विषारी गॅस होतो. शून्य असेल तर माणूस उतरवायचा. आकडा आला तर नाही.

म्हणजे माझ्या "हो"वर माणूस खाली जातो. हे काकांना कसं सांगू?

९ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

साइटवर हत्यारांची पूजा. मिक्सर, व्हायब्रेटर, थाप्या, घमेली — सगळ्यांना झेंडूच्या माळा. झाडलोट करणाऱ्या पुतळाबाईंनी ताट फिरवलं. मी मशीन खिशातच ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "त्याला का लपवतोस? त्ये काय हत्यार न्हाय?" मग मीच ते पाटावर ठेवलं. सगळ्यांनी हळद-कुंकू वाहिलं. धाकल्याने दोनदा वाहिलं — "माजा जीव हाय रं यात, जरा जास्त घाल."

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

अक्षर नीट येत नाही.

तिसरा चेंबर. मशीन सोडलं — शून्य. वर काढून धाकल्याच्या छातीला अडकवलं — शून्य. मी हो म्हणालो.

खालून आवाज आला, "धनेशभाऊ, वास मारतोय रं! पन कोंबडा गप हाय."

मी म्हणालो, वर ये.

"येतो, येतो. एवढा जोड भरतो." थोड्या वेळाने — "आता वास गेला बघ. हवा साफ झाली."

वास गेला! साहेबांनी मशीन देताना बजावलं होतं — वास वाढता वाढता एकदम गेला तर हवा साफ झाली असं समजू नका. गॅस वाढला की नाकच मरतं.

मी दोर ओढला. सगळ्यांनी मिळून ओढला. धाकल्या वर आला तो गोणीसारखा, मान एका बाजूला पडलेली. त्याच्या छातीवर मशीन. शून्य!

टेम्पोत घालून दवाखान्यात नेला. श्वास आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

शुद्धीवर आला. देवा!

त्याची बायको चंद्रा दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "माजा मानूस मेला असता तर तुमची डबी रडली असती का?"

साइटवर साहेबांनी मशीन उन्हात धरलं. ज्या जाळीतून गॅस आत जातो, ती कुंकवाने पार बुजलेली. तेलकट, घट्ट बसलेली. गॅस आत गेलाच नाही, मग ते ओरडणार कसं? मशीनच्या चाचणीच्या गॅसची बाटली कधीच संपली होती, नवी आली नव्हती. गप आहे म्हणजे गॅस नाही, असंच आम्ही धरून चाललो.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं. पुतळाबाई झाडू धरून तिथेच उभ्या होत्या, तोंड पांढरं पडलेलं. मी म्हणालो, पाटावर मी ठेवलं होतं.

१३ ऑक्टोबर

स्वप्नातही शून्य.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मशीन दुरुस्त होऊन आलं. नवी जाळी, नवी बाटलीही. सकाळी बाटलीचा गॅस सोडून बघितला — कान फाटेल असं ओरडलं. साहेब खूश. उद्यापासून चौथा चेंबर.

धाकल्या परत आलाय. संध्याकाळी त्याच्या झोपडीवर गेलो. चंद्रा पाण्याला गेली होती. चुलीवर तव्यात बोंबील जळून कोळसा झाले होते, झोपडीभर धूर. धाकल्या चुलीला पाठ करून, तव्याजवळच दोराला गाठी मारत बसला होता. मी धावत जाऊन तवा उतरवला. तो दचकला. तव्याकडे बघत राहिला.

मग हळूच म्हणाला, "त्या दिसापासून कसलाच वास येत न्हाय. भाकरीचा न्हाय, बिडीचा न्हाय." आणि माझा हात धरला. "सायबाला सांगू नको, भाऊ. मशीन नीट झालंय ना? मी उतरतो. काम गेलं तर खानार काय?"

त्या दिवशी मशीन गप होतं, पण त्याचं नाक तरी बोललं होतं. वास येतोय म्हणाला, गेला म्हणाला, म्हणून मी दोर ओढला. पुन्हा मशीन गप बसलं तर मला कोण सांगणार?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळ

साहेबांना सांगून आलो — चौथ्यात मी उतरतो, वर दोर धाकल्या धरेल. का, ते सांगितलं नाही. आता पट्टा बांधायला जातो.

मला अजून वास येतो.