भट्टीचे कठडे

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थस्वरूप भाऊजी,

हा नमस्कार फक्त तुमच्या वयाला.

आश्लेषा आम्हा दोघांना जर्मनीत सारलँडला घेऊन गेली होती. चाळीस वर्षांपूर्वी यांच्या जागी तुम्ही ट्रेनिंगला गेलात, तो पोलादाचा कारखाना आता बंद आहे आणि लोक तिकीट काढून बघतात. तिकीट महाग म्हणून मी खालीच थांबणार होते. लेक म्हणाली, "चल ना आई, पप्पांची भट्टी आहे."

पप्पांची कसली? तेव्हा तुम्ही मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला होतात, "पद्मिनी, रवीला अडव. तिथे भट्टीला कठडे नाहीत, माणसं पडतात." मला सातवा महिना होता. मी यांना गणपतीसमोर शपथ घालून अडवलं आणि पंधरा दिवसांत तुम्ही विमानात बसलात.

वर प्रत्येक जिन्याला छातीएवढे कठडे आहेत. तिथला म्हातारा गाइड म्हणाला, माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहेत. यांनी त्या थंड भट्टीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. तुम्ही मला काय सांगितलं होतं, ते यांना अजून माहीत नाही.

रविवारी तुमच्या केदारकडे तुमची पंचाहत्तरी आहे. ओवाळायला पहिली मी आहे. हे पत्र टाकणार नाही, नाहीतर तुम्हाला उत्तर जुळवायला वेळ मिळेल. पंचाहत्तर दिव्यांचं ताट हातात धरून, यांच्यासमोर, मी सगळं सावकाश सांगेन. ओवाळून होईपर्यंत पाटावरून उठता येत नाही.

तुमची भावजय,
पद्मिनी