पट्टीखालचं नाव

अहो,

पुढच्या आठवड्यात तुम्हाला जाऊन वर्ष होईल. एवढ्या दिवसांत तुमची आठवण काढून रडले, पण रागावले नव्हते. कालपासून रागावलेय. समोर असतात तर तोंडावर बोलले असते आणि तुम्ही नेहमीसारखं "च्या टाक" म्हणून विषय मोडला असतात. म्हणून लिहायला बसले. आता मोडा बघू!

काल आपली नात प्राजू पुण्याहून आली. तिच्या कॉलेजात प्रत्येकानं घरातलं सगळ्यात जुनं, अजून चालणारं यंत्र शोधून आणायचं आहे. कुणाला टेपरेकॉर्डर सापडला, कुणाला कॅल्क्युलेटर. मी ऐटीत फडताळातून माझा रेडिओ काढून तिच्या हातात दिला. तिनं नवे सेल घातले, बटण फिरवलं, जरा खरखर झाली आणि आत बाई गायला लागली! पोरगी नाचलीच.

मग तिला मागची पितळी पट्टी घासायची होती. पार हिरवी पडली होती ती. तिनं स्क्रू काढले तेव्हा मीच म्हणाले, "सावकाश गं, खाली माझं नाव आहे." ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"आजी, इथं नाव नाहीय. कुणीतरी कानशीनं घासून काढलंय."

कुणीतरी! मी तिला काय सांगू, अहो?

आठवतो का बहात्तरचा दुष्काळ? गावातल्या बायांबरोबर मी तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होते. कामावर मिळणारी सरकारी सुकडी खायची, तिलाच सण म्हणायचं. हाताची सालटं निघायची. तुम्हीच म्हणाला होतात, "तुझ्या कष्टाचा पैसा हाय, तुला वाटंल ते घे." बाकीच्या बायांनी जोडवी केली, हंडे घेतले. मी उस्मानाबादच्या बाजारातून रेडिओ आणला. सासूबाई किती दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी!

आणि तेरच्या आठवडी बाजारात भांड्यांवर नाव घालणाऱ्यापुढं मी तो ठेवला. तो हसला, म्हणाला, "बाई, ह्यो काय तांब्या हाय व्हय?" मी म्हटलं, "घालायचं तर घाल, न्हाय तर दुसऱ्याकडं जाते." बिचाऱ्यानं मागच्या पत्र्यावर हलक्या हातानं टोचून टोचून घातलं. सुभद्रा. नुसतं सुभद्रा, कारण पुढचं मावलं नाही. माहेरून आलेल्या सगळ्या भांड्यांवर वडिलांचं नाव होतं आणि घरातल्या भांड्यांवर सासऱ्यांचं. माझं एकटीचं नाव असलेली ती पहिली वस्तू होती.

तुम्हीसुद्धा लाड केलेत हो त्याचे, नाही म्हणत नाही. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात वाळवायला तुम्हीच ठेवायचात. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की आळीतल्या बाया आपल्या उंबऱ्यापाशी जमायच्या आणि मला विचारायच्या, "आज काय सांगणार हायेत?" जसं काही मीच सांगणार होते! मला फार बरं वाटायचं ते.

मग दूध सोसायटी निघाली आणि तुम्ही चेअरमन झालात. "आठ दिसांसाठी न्हेतो. उद्घाटनाला मोठं सायब येनार हायेत, जरा शोभा येईल." मी फडक्यानं पुसून दिला.

उद्घाटनाला आम्ही बाया मागं, निंबाखाली बसलो होतो. भोंग्यातून ऐकू आलं की चेअरमनसाहेबांनी स्वतःचा रेडिओ सोसायटीला सप्रेम भेट दिला आहे, मागं त्यांच्या नावाची पितळी पट्टीही बसवली आहे. टाळ्या पडल्या. तुमच्या गळ्यात हार पडला. शेजारची पारू माझ्याकडं बघायला लागली आणि मी पदर तोंडाला लावून हसल्यासारखं केलं. तेवढंच सुचलं मला.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणालात, "तुझं माझं काय येगळं हाय?" वेगळं नव्हतं, तर भोंग्यात माझं नाव सांगायला काय झालं होतं?

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही शेजारी येऊन बसलात. एवढा मऊ आवाज मी तुमच्या तोंडून क्वचितच ऐकला असेल. "सुभद्रे, पट्टी म्या माझ्या हातानं बसवली. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाय. खाली तुझं नाव हाय तसं हाय. तुला आन् मला ठावं हाय, बास की."

मी जेवले! त्या एका वाक्यावर जेवले आणि त्याच्यावरच सगळा संसार केला. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला जायचे तेव्हा बाहेरच्या रांगेतून माझा रेडिओ ऐकायचे. आत गडीमाणसं बसलेली, बाजारभाव लावलेले. बायकांचा कार्यक्रम कुणी लावत नव्हतं. तरी मनात म्हणायचे, लावा काय लावायचं ते, खाली नाव माझंच आहे. पुढं सोसायटी बुडाली, रेडिओ घरी आला, तरी मी एकदाही पट्टी काढून पाहिली नाही. तुमच्या शब्दावर स्क्रू फिरवायचा का?

तुम्ही रेडिओ नेलात, ते मी केव्हाच पोटात घातलं होतं. चेअरमनाला मान लागतो, एवढं कळत होतं मला. पण झाकलं असतंत तर पुरे होतं. घासायला कशाला बसलात? घासताना आवाज झाला असेल, पत्र्याचा कीस पडला असेल. तेव्हा हात थांबला नाही? आणि त्याच हातानं पट्टी बसवून मला येऊन सांगितलंत, खाली नाव आहे म्हणून! फसवलंत हो मला. नवऱ्यानं बायकोला मारलं तर गाव बघतं. हे कुणी बघितलं?

प्राजूला मी सांगितलं, गंजलं असेल. पट्टी मात्र परत बसवू दिली नाही.

परवा आपला दिलीप वर्षश्राद्धाला वाटायचे स्टीलचे डबे आणणार आहे. त्यांच्यावर तुमचं नाव घालायचं आहे. म्हणाला, "आई, दुकानदार गडबडीत अक्षरं खातोय, तू चल संगं." काल रात्रीपर्यंत मनात होतं की जाऊ नये. नुसते कोरे डबे वाटावेत, कळू दे कसं वाटतं ते!

पण मी जाणार आहे. लग्नातल्या उखाण्यानंतर तुमचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही. परवा दुकानात उभी राहून सांगेन, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. प्रत्येक डबा हातात घेऊन तपासेन. शब्द देते, तुमच्या नावातलं एक अक्षरही मी कुणाला घासू देणार नाही. माझ्या हातून ते व्हायचंच नाही.

सुभद्रा