नळावरचा बगळा

१२ मे १९८३, घाटकोपर
मंडळाचा फळा आज काय उतरला! आधी लिहिलं होतं, 'काही रहिवासी नंबर मोडून पाणी भरतात.' बाळा मागे उभा. म्हणाला, "लवू, हे काय सपक वरण? झणझणीत शब्द टाक ना यार!" तीनदा पुसलं. मग शेजारचे दत्तारामकाका डोळ्यांपुढे आले - पहाटे नळाशी गप उभे, पांढरा लेंगा, मान पुढे, जरा फट दिसली की हंडा आत! लिहून टाकलं - 'नळावरचा बगळा ओळखा!' अख्खी चाळ हसली. मीपण. इतका नेमका शब्द आजवर सुचला नव्हता.

१४ मे
काका दिसले की पोरं एका पायावर उभी राहतात. ते हंडा उचलून चालू लागतात.

२ जून
मेलो मी. गणपतीच्या मीटिंगचं सांगायला काकांकडे गेलो. सुगंधाकाकी अंथरुणात. आम्हाला वाटायचं, गुडघे धरलेत. कमरेखालचं सगळंच गेलंय! चादरी दिवसातून चारदा धुवाव्या लागतात. त्यासाठी ते जास्तीचं पाणी. काका मोरीत चादर पिळत होते. वर न बघता म्हणाले, "कोणाक सांगू नको रे. तिका लाज वाटता." माझ्यावर रागाचा एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ जून
फळ्यावर माफी लिहायला गेलो. कारण लिहावं तर काकींची लाज चव्हाट्यावर. न लिहावं तर लोक पुन्हा हसणार. शेवटी 'उद्या मच्छरांच्या औषधाची फवारणी' लिहून परतलो. भित्रा!

९ नोव्हेंबर १९८४
हल्ली मुद्दाम सपक लिहितो. बाळा म्हणतो, तुझ्या हाताची वाट लागली. लागू दे. नवे भाडेकरूही 'बगळेकाका'च म्हणतात, त्यांना ते आडनाव वाटतं. आज तशी हाक मारली म्हणून शांताबाईंच्या नातीवर ओरडलो तर म्हणाली, "पण नाव तुम्हीच ठेवलंत ना?"
मी फळा पुसायला घेतला.

२१ जानेवारी १९८७
पहाटे दत्तारामकाका गेले. नळावरच, रांग लागायच्या आधी. हंडा अर्धा भरलेला.
फळ्यावर लिहिलं - 'श्री. दत्ताराम परब यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता.' यात माझा एकही शब्द नाही. निदान आज तरी त्यांचं नाव त्यांना मिळू दे, म्हटलं.
दहा वाजले तरी दारात आम्ही चौघेच, चाळीतले बाकीचे कामावर. आमच्याच नळावर पाणी भरणारी टेकडीवरच्या चाळींतली माणसं फळा वाचून विचारत होती, "कोण हे परब?" आणि पुढे जात होती.
पुढचं आज लिहवत नाही.

२२ जानेवारी
काल दहानंतर काकींनी अंथरुणातून हाक मारली. "लवू, कंसात ता नाव लिही. तेंका पोचवूक माणसां होयी."
म्हणजे ते नाव त्यांना माहीत होतं!
लिहिलं. दहा मिनिटांत जिना भरला.